पित्ताची निर्दोष मुक्तता

सोलापुरात माणसाची पारख दोन गोष्टींवरून होते. एक, पाहुण्याला अंथरायला काढलेली चादर आणि दुसरी, त्याच्या पानात वाढलेली शेंगाचटणी. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात कडक भाकरीबरोबर घरची चटणी तोंडात टाकली आणि ती गंजक्या नाण्यासारखी लागली, तेव्हा मी हादरलोच.

सुशिक्षित माणसाप्रमाणे मी ताबडतोब दुसऱ्याला दोषी ठरवलं. "शेंगा खवट निघाल्या," मी जाहीर केलं.

"अहो, सकाळीच भाजून कुटल्यात," सौभाग्यवती म्हणाल्या. मग मी बाजारातून चटणी आणली. तीही नाण्यासारखीच. दुकानदाराकडे तक्रार नेली तर तो म्हणाला, "काय बोलूलालाव मालक? कालच कुटलीय की!" मग मी साठवणीच्या पाण्यावर घसरलो. पुढे संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावरची भजीसुद्धा तशीच लागली. आता अख्ख्या यात्रेनं मिळून माझ्याविरुद्ध कट केला असेल, हे मलाही पटेना.

तेव्हा घरात सभा भरली आणि एकमतानं निकाल लागला : पित्त!

इथं माझा पहिला आक्षेप आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत पित्ताची अवस्था धाकट्या मुलासारखी असते. कप कुणीही फोडो, धपाटा त्यालाच. डोकं दुखलं, पित्त. झोप नाही, पित्त. तोंड कडू, मग तर विचारायलाच नको! आत्यानं मोरावळा पाठवला, शेजारच्या तात्यांनी सुंठ सुचवली, कुणी कोकमाचं सरबत. तीन महिने मी हे सगळं इमानानं गिळलं. पण एवढ्या सल्लागारांपैकी एकानंही "आ कर पाहू" असं म्हटलं नाही. ज्या तोंडात गुन्हा घडला, त्या तोंडाचा पंचनामाच नाही!

अखेर एक दिवस दात घासताना ब्रश लाल झाला, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"दात कुठे घासता?" त्यांनी विचारलं.

"मोरीत," मी म्हणालो.

"तसं नव्हे हो. दातांच्या कुठल्या बाजूला?"

तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी फक्त फोटोत दिसतील तेवढेच दात घासत होतो. मागची बाजू आणि हिरडीची कड म्हणजे घरातला माळा. आहे हे माहीत, पण तिथं जातो कोण?

डॉक्टरांनी जे समजावलं ते असं. दात घासल्यावर काही तासांतच जंतू पुन्हा दातांवर बस्तान बसवायला लागतात. त्यांचा जो चिकट, पांढुरका थर होतो तो प्लाक. नुसती चूळ भरून तो निघत नाही, घासावाच लागतो. तसाच राहिला तर लाळेतली खनिजं त्यात बसून त्याचं टणक कीटण होतं आणि मग ते ब्रशला दाद देत नाही. हिरडीच्या फटीत बसलेले जंतू तिथली प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे घाणेरडे वायू सोडतात. हिरडी सुजते, थोडं थोडं रक्त झिरपतं. रक्तात असतं लोह. झाला की नाही माझ्या नाण्याचा उलगडा?

ही काही कालपरवाची बातमी नव्हे. हॉलंडातल्या डेल्फ्ट गावचा लेवेनहूक हा धंद्यानं कापडवाला, म्हणजे आम्हा सोलापूरकरांच्या जवळचाच माणूस. त्यानं 1683 साली स्वतःच्या दातांवरचा मळ भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून थक्क होऊन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. पुढे 1965 साली डेन्मार्कमध्ये लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 निरोगी माणसांचं दात घासणं बंद केलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं पुन्हा सुरू होताच बऱ्याही झाल्या. यात पित्ताचा कुठेही संबंध आला नाही.

"आपलं आयुर्वेद काय सांगतं?" म्हणणाऱ्या तात्यांसाठी खास निवेदन : सुश्रुतसंहितेत दातांवर घट्ट बसलेल्या या मळाला 'दंतशर्करा' असं नावच आहे आणि हिरडीला इजा न करता वैद्यानं ती काढावी, असंही सांगितलं आहे. तेव्हा सुंठ चघळण्यापूर्वी तेही वाचावं.

दुसरा आक्षेप त्या अजरामर वाक्याला : "दात साफ करून घेतले की हलायला लागतात!" अहो, दात आधीच हललेले असतात. कीटणाखाली हिरडी सुटते, आतलं हाड झिजतं आणि ते कीटणच दातांना टेकू देऊन उभं असतं. टेकू काढला की भिंत पडकी होती हे कळतं. दोष टेकू काढणाऱ्याचा?

हसण्यावारी नेलं असतं, पण नेता येत नाही. माझ्या आईनं चाळीस वर्षं मिश्री लावली. तव्यावर तंबाखू भाजायची आणि बोटानं दातांवर चोळायची. दात स्वच्छ होतात असंच तिला वाटे. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर सरकारनं 1992 मध्ये बंदी घातली. घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? हिरड्या मागे सरकत गेल्या. "तोंडाला चव नाही रे," ती म्हणायची आणि आम्ही तिला आवळे आणून द्यायचो. पंचावन्नाव्या वर्षी ती कडक भाकरी आमटीत भिजवून खात होती. आवळे पोतंभर झाले असतील. दातांच्या डॉक्टरकडे मात्र आम्ही तिला एकदाही नेलं नाही.

पित्त नेहमीच निर्दोष असतं, असा माझा दावा नाही. आम्ल वर आलं, सर्दी तुंबली, तोंड कोरडं पडलं, काही औषधं चालू असली, तरी चव बिघडते. माझं म्हणणं एवढंच की आधी आरशासमोर आ करा, हिरडीची कड बघा आणि सहा महिने-वर्षाकाठी दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. मोरावळा कुठे पळून जात नाही.

दात साफ करून घेतले. पंधरा-वीस दिवसांनी एका रात्री चटणीचा घास घेतला आणि शेंगदाणा, लसूण, तिखट अशी सगळी मंडळी एकेक करून भेटायला आली.

"आज चटणी फक्कड झालीय," मी म्हणालो.

"नेहमीसारखीच आहे," सौभाग्यवती भाकरी मोडत म्हणाल्या, "मागच्या हिवाळ्यातही अशीच होती."