पणजोबांचीं पत्रें

आमच्या कित्येक वाचकांच्या घरीं मोडी कागदांचे रुमाल असतील. ते सोडावे, चार कागद चाळावे आणि पुनः बांधून ठेवावे, याहून अधिक बहुतेकांच्यानें होत नाहीं. अमेरिकेंतील अनेक जर्मन घराण्यांचीहि हीच गत आहे. पणजोबांचीं पत्रें ‘कुरेंट’ नामक जुन्या वळणाचीं. पणतवंडांस तें वळण वाचतां येत नाहीं, आणि भाषाहि येत नाहीं.

ही भाषा तेथें दुबळी होती असें मात्र नव्हे. १६८३ सालीं क्रेफेल्डकडील तेरा कुटुंबें पेनसिल्व्हानियांत येऊन वसलीं, त्या गांवास जर्मनटाऊन हेंच नांव पडलें. तेथें १७४३ सालीं क्रिस्टोफर सौर यानें अख्खें जर्मन बायबल छापिलें.

पुढें १९१७ सालीं अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धांत उतरली. १९१८ सालीं आयोवाच्या गव्हर्नरानें टेलिफोनवरसुद्धां परभाषा बोलण्यास मनाई केली! नेब्रास्कांत दहा वर्षांच्या मुलास जर्मन वाचावयास शिकविलें म्हणून रॉबर्ट मेयर या शिक्षकास २५ डॉलर दंड झाला. १९२३ सालीं सुप्रीम कोर्टानें ती शिक्षा रद्द केली खरी. परंतु तोंवर अनेक आईबापांनीं मुलांशीं जर्मन बोलणें सोडलें होतें.

विस्कॉन्सिन संस्थानांत मॅडिसन येथें १९८३ सालीं निघालेली मॅक्स काडे इन्स्टिट्यूट आतां हा वारसा जतन करीत आहे. तिच्या संग्रहांत वृद्धांच्या बोलीचीं ध्वनिमुद्रणें आहेत, तीं आम्हांस पत्रांहून मोलाचीं वाटतात. पत्र पेटींत वाट पाहत राहतें. आजीचा उच्चार राहत नाहीं.

आमिश पंथीयांच्या मुलांच्या तोंडीं मात्र पेनसिल्व्हानियाची जर्मन अद्याप आहे. त्यांच्यापैकीं बहुतेक लोक घरांत टेलिफोनच ठेवीत नाहींत.