जुनं ते सोनं... पण आधी विचारा!

भंगारात पडलेला पंप दिसला की इंजिनिअरिंगच्या मुलांचे डोळे चमकतात. आपण तो उचलतो, साफ करतो, चालवून दाखवतो आणि सगळे म्हणतात, 'काय जुगाड केलाय!' मित्रांनो, माझं मत थोडं वेगळं आहे. वस्तू चालली म्हणजे फक्त अर्धा पेपर सुटला. उरलेला अर्धा सोडवायला लावणारा एक कडक मास्तर म्हणजे रीफ टँक.

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचं, प्रवाळ असलेलं ॲक्वेरियम. त्याची नवी उपकरणं महाग असतात, म्हणून बरेच जण सेकंडहँड घेतात. त्यात गैर काहीच नाही. काचेची जुनी टाकी खाली ठेवली की सम्प तयार. प्रोटीन स्किमर म्हणजे तर बारीक बुडबुड्यांचा खेळ! पाण्यातली सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटते आणि फेस होऊन वरच्या कपात जमते. त्यावर साचलेला चुना व्हिनेगरने निघतो. (व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.)

मग अडचण कुठे? तांब्यात! माशांना परजीवींचा रोग झाला की टाकीत तांब्याचं औषध घालतात. लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपासचा डोस बरेच मासे सोसतात, पण प्रवाळ आणि कोळंबी सोसत नाहीत. शिवाय हे तांबं जुन्या टाकीतल्या चुनखडीच्या खडकात आणि वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू सुटू शकतं. फिल्टर चकाचक, पंप झकास, आणि आत विष!

घरच्या जुन्या आरओचंही तसंच. रीफ टँकसाठी शुद्ध पाणी घेऊन त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार येतील इतकं समुद्री मीठ मिसळतात. शुद्ध पाण्यासाठी आरओ उत्तमच. पण घरच्या बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो. तो चवीसाठी मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी परत मिसळतो. काहींत मिनरलची, तर काहींत चक्क कॉपरची कार्ट्रिज असते. माणसाच्या तब्येतीसाठी बसवलेली वस्तू प्रवाळाच्या जिवावर उठते! म्हणून कंट्रोलर बंद करा, कार्ट्रिज काढा, मेम्ब्रेन नवी टाका, शेवटी डीआय रेझिन लावा. टीडीएस मीटरने शून्य दाखवलं पाहिजे, आणि टाकीतलं पाणी कॉपर टेस्ट किटने वेगळं तपासलं पाहिजे.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? कारण प्रवाळ हा दगड नाही, प्राणी आहे. काही मोठे प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रीफ बांधणारे प्रवाळ वाघासोबत पहिल्या अनुसूचीत आहेत. तेव्हा 'मेलं तर समुद्रातून दुसरं आणू' हा पर्यायच नाही.

म्हणून सेकंडहँड वस्तू घेताना 'कितीला देणार?' याच्या आधी 'हिच्यात काय होतं?' हे विचारायला हवं. विकणाऱ्यानेही ते न विचारता सांगावं. खरं तर हॉस्टेलमध्ये सीनियरकडून ज्युनियरकडे जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर एक चिठ्ठी असावी: कशासाठी वापरली, काय बदललं, काय बिघडलं होतं. दोन ओळी लिहायला दोन मिनिटं लागतात. जुगाड जरूर करा, पण वस्तूची कुंडली बघून!