माणूस जागेवर, जबाबदारी नावावर



कारखान्याचा विषय निघाला की आपल्या पारावर दोनच गोष्टींची चर्चा होते. एक, यंदा उसाला भाव किती मिळणार. आणि दुसरी, अमक्याचा मुलगा कारखान्यात चिकटला की नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे धरून आपण बोलतो. आमचे म्हणणे असे, की दुसऱ्या गोष्टीचा निकाल ज्या रीतीने लागतो, त्यावरच पहिल्या गोष्टीचा आकडा ठरतो. म्हणून या वेळी खत, बेणे, पाणी हे विषय थोडे बाजूला ठेवून कारखान्यातल्या माणसांविषयी लिहीत आहोत.

आधी हिशेब मांडू. रोज २,५०० टन गाळणारा कारखाना शंभर दिवस चालला तर अडीच लाख टन ऊस गाळतो. त्याचा साखर उतारा फक्त ०.१ टक्क्याने कमी पडला, तर २५० टन, म्हणजे २,५०० क्विंटल साखर कमी भरते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने धरली तरी ही रक्कम साडेसत्त्याहत्तर लाख रुपये होते. आता हेच आपल्या खिशाच्या बाजूने पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त धरले. म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला एका दशांशाचे जवळजवळ साडेतीन हजार रुपये झाले. दशांश म्हटले की तो डोळ्यांना दिसत नाही. पण घरच्या लक्ष्मीला विचारा, साडेतीन हजारांत काय काय होते ते.

हा दशांश जातो कुठे? जमीन, पाणी आणि उसाची जात यांचा वाटा मोठा आहे, हे कबूल. पण ऊस कारखान्याच्या वहीत आल्यापासून साखर पोत्यात पडेपर्यंत तो अनेक माणसांच्या हातांखालून जातो, आणि प्रत्येक हातातून थोडी थोडी साखर सांडू शकते.

पहिला हात चिटबॉयचा. लागणीची तारीख तो लिहितो. आडसाली उसाला सोळा ते अठरा महिने लागतात, पूर्वहंगामीला चौदा-पंधरा, सुरूला बारा. तारीख चुकीची पडली, किंवा ओळखीपाळखीने मागची पुढे आणि पुढची मागे झाली, की कच्चा ऊस तोडीला येतो आणि पक्का ऊस शेतात वाळतो. मग ब्रिक्स मोजायचे यंत्र शेती खात्याच्या कपाटात असून काय उपयोग? दुसरा हात काट्यावरचा आणि यार्डातला. तोडलेला ऊस उभा राहिला की त्याचे वजनही घटते आणि साखरही उतरते. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तर तास मोजावे लागतात. तिसरा हात मिलवरचा. २,५०० टनी कारखान्याची मिल दोन तास बंद पडली की दोनशे टनांवर ऊस तिथेच खोळंबतो. चौथा हात पॅनवरचा. काचेच्या पट्टीवर पाक घेऊन दाणा कसा धरतो आहे हे पाहणे, हे पुस्तक वाचून येत नाही आणि चिठ्ठी आणूनही येत नाही. ते वर्षानुवर्षे पॅनजवळ उभे राहूनच येते.

आता विचार करा. ज्याला आकड्यांची आवड आहे तो मुलगा गव्हाणीवर उभा आहे, ज्याचा हात यंत्रावर बसतो तो टाइम ऑफिसात शिक्के मारतो आहे, आणि ज्याला सांधा कुठला आणि बेअरिंग कुठले हे कळत नाही तो मिल हाऊसमध्ये आहे. असा मुलगा कामचुकार असतो असे नाही. चांगला बैल नांगराला जुंपायचा सोडून विहिरीच्या मोटेला जुंपला तर तो बिचकणारच. त्यात बैलाचा दोष कमी आणि जुंपणाऱ्याचा जास्त. मन न लागलेला माणूस घड्याळाकडे पाहतो. मन लागलेला माणूस यंत्राचा आवाज बदलला की पाळी संपली असली तरी थांबतो.

माणसे अशी चुकीच्या जागी जातात कशी? "भाऊ, आपल्या पोट्ट्याले कुठंबी चिटकवून द्या," असे सांगत माणूस येतो. या वाक्यात 'कुठंबी' हा शब्द सगळा घात करतो. मुलाला काय येते, हे बाप सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. जागा रिकामी असो की नसो, नाव पटावर चढते. मग एका कामाला तीन माणसे होतात, आणि तिघांचे काम ते कोणाचेच नाही. काम बिघडले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तशी गत होते.

सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात अशी झालेली नव्हती, याची आठवण ठेवावी. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर्स गोळा केले. १९५० च्या अखेरीस तिथे पहिले गाळप सुरू झाले. लोक विखे पाटलांच्या शब्दावर पैसे देत होते. अध्यक्षपद मागायला त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. पण पहिले अध्यक्ष झाले ते धनंजयराव गाडगीळ. अर्थशास्त्राचा जाणता माणूस हिशेबाच्या आणि धोरणाच्या जागी, आणि शेतकऱ्यांचा विश्वासू माणूस उपाध्यक्ष म्हणून शेतकऱ्यांमध्ये. ज्याचे काम त्याने करावे, हा पहिला धडा खुर्चीपासूनच घातला गेला होता. तो गव्हाणीपर्यंत पोचवणे एवढेच आपल्याकडे उरते.

आणि दूर कशाला जायचे? आपल्याच जिल्ह्यात शेगावला जाऊन पाहा. श्री गजानन महाराज संस्थानात सेवाधारी पाळीने येतात. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी नोकरदार. एक पैसा घेत नाहीत. तरी चप्पल सांभाळण्यापासून महाप्रसादाच्या पंगतीपर्यंत प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि कोणाला विचारून काम करायचे तेही ठरलेले. ४ ऑगस्ट २०२१ रोजी निधन पावलेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक वर्षे ही घडी बसवली, आणि ती त्यांच्या माघारीही चालू आहे. कोणी म्हणेल, "बाप्पा, तिथं भक्ती हाय, इथं पोटाचा सवाल हाय." खरे आहे. भक्ती उसनी आणता येत नाही आणि कामगाराकडे ती मागूही नये. पण घडी तर उचलता येते ना? नुसत्या भक्तीने पंगत वेळेवर उठत नाही. कोणी काय वाढायचे हे ठरलेले असते, म्हणून ती उठते.

पोटाचा सवाल निघाला म्हणून कामगारांच्या बाजूनेही दोन शब्द. १९५७ मध्ये केंद्र सरकारने साखर उद्योगासाठी पहिले वेतन मंडळ नेमले, तेव्हापासून या धंद्यातील कामाच्या श्रेणी ठरत आल्या. आपल्या राज्यात कारखाने, कामगार संघटना आणि शासन यांची त्रिपक्षीय समिती पगार ठरवते. ठरलेला पगार ठरलेल्या तारखेला देणे ही कारखान्याची जबाबदारी आहे. पगार तीन महिने थकवायचा आणि वर मन लावून काम करा म्हणायचे, हे न्यायाचे नाही. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे, आणि आपण तो हक्काने सांगतो. तोच न्याय कामगारालाही लावला पाहिजे. जाब वरून खाली विचारायचा असेल, तर तो खालून वरही विचारता आला पाहिजे.

एका जागेपुरते हे तत्त्व कायद्यानेच मान्य केले आहे. बॉयलरवर सक्षमतेचा दाखला नसलेला माणूस उभा करता येत नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा आला, तरी हा नियम सुटला नाही. कारण बॉयलर फुटला तर जीव जातात. पॅन फुटत नाही, काटा फुटत नाही, चिटबॉयची वही फुटत नाही. तिथे फक्त साखर गुपचूप जाते, म्हणून तिथे 'कुठंबी' चालते.

आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत.

पहिली, हंगाम संपल्यावर देखभाल-दुरुस्तीच्या काळात खातेप्रमुखांनी प्रत्येक माणसाला एकदा विचारावे, की तुला काय येते आणि काय करायला आवडेल. मग त्याला त्या कामावर महिनाभर घालून पाहावे. जागा बदलली म्हणून पगाराची श्रेणी किंवा सेवेची वर्षे कमी होऊ नयेत. नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही.

दुसरी, होतकरू मुलांना पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला पाठवावे. १९७५ मध्ये शेतकऱ्यांच्याच कारखान्यांनी उभी केलेली ती संस्था आहे. निवड परीक्षेने व्हावी, आडनावाने नको.

तिसरी, प्रत्येक पाळीच्या फळ्यावर चार आकडे लिहावेत : गाळप किती, मिल किती वेळ बंद, का बंद, आणि बगॅसबरोबर किती साखर गेली. खाली पाळीप्रमुखाचे नाव. आकडा चांगला आला तरी नाव तेच, वाईट आला तरी नाव तेच. चांगल्या पाळीचे कौतुक हंगाम संपल्यावर सर्वांसमोर व्हावे.

चौथी, संचालक मंडळासाठी. शिफारशीची चिठ्ठी आली तर तिची नोंद व्हावी, आणि कोणी कोणासाठी दिली हे वार्षिक सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावे. एवढे केले तरी निम्म्या चिठ्ठ्या खिशातच राहतील.

आपला जिल्हा कापसाचा आणि सोयाबीनचा. ऊस थोडा, पाणी बेताचे. कोल्हापूर-सांगलीचा कारखाना एखादा धक्का खाऊन उभा राहील; आपल्याला ती चैन नाही. दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडल्याचे आपण पाहिले आहे. तो कशाने बंद पडला याचा निवाडा करायची ही जागा नव्हे. पण कारखाना बंद पडतो तेव्हा वशिल्याने लागलेला आणि गुणाने लागलेला, दोघेही एकाच दिवशी घरी बसतात, आणि सभासद उसाची मोळी घेऊन परक्या काट्यावर उभा राहतो, एवढे मात्र सर्वांना कळते.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत भावाचा प्रश्न जरूर विचारावा. तो आपला हक्कच आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : पॅनवर कोण आहे, मिलवर कोण आहे, आणि त्यांना तिथे का ठेवले आहे? या प्रश्नाचे सरळ उत्तर ज्या वर्षी मिळेल, त्या वर्षापासून भावासाठी भांडावे लागण्याचे प्रसंग कमी होत जातील.