पट्टेवाला मासा आणि गरम पाणी

अंदमान किंवा लक्षद्वीपला जाऊन आलेली मंडळी हल्ली पाण्याखालचे फोटो कौतुकाने दाखवतात. त्यात कधीतरी एक मासा दिसतो. अंगावर तांबड्या-तपकिरी आणि पांढऱ्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना पिसाऱ्यासारखे पसरलेले पर, पाठीवर लांब काट्यांची रांग. हा लायनफिश. तो विषारी आहे, हे फोटो काढणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते.

बाजूचे ते देखणे पर निरुपद्रवी असतात. विष असते ते पाठीवरच्या 13, पोटाखालच्या 2 आणि शेपटीकडच्या 3 काट्यांत. याच्या दोन जाती इतक्या सारख्या दिसतात, की तज्ज्ञांनाही परांमधल्या शलाका मोजाव्या लागतात. आपल्याला त्या भानगडीत पडायचे कारण नाही; पट्टे आणि काटे पुरे. मात्र त्याचे घर ओळखता आले पाहिजे. दिवसा तो प्रवाळाच्या कपारीत, कड्याखाली, कधी चक्क उलटा लटकून स्वस्थ असतो आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघतो. तो सहसा अंगावर येत नाही. आधारासाठी कपारीला हात लावणाराच काटा टोचून घेतो.

मग ठणका असा सुरू होतो, की धडधाकट माणूसही कळवळतो. सूज येते, मळमळते, क्वचित श्वासाला त्रास होतो. अशा वेळी साप चावल्यासारखी दोरी आवळू नये, जखम कापू नये, बर्फही लावू नये. हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम, म्हणजे 45 अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात 30 ते 90 मिनिटे बुडवावा. पाणी आधी चांगल्या हाताने तपासावे, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. हे विष प्रथिनांचे असते आणि प्रथिने उष्णतेने बिघडतात. शिंगाळ्याच्या काट्यावर आणि पाकटाच्या नांगीवरही हाच उपाय चालतो, म्हणून कोकणातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तो भिंतीवर लिहिलेला हवा.

डुबकी मारण्याआधी पर्यटकाकडून जबाबदारी झटकणाऱ्या कागदावर सही घेतली जाते. त्याच मिनिटात या माशाचे चित्र दाखवता येईल. बोटीवर गरम पाण्याचा थर्मास ठेवायला असा किती खर्च येतो? पर्यटन खात्याने परवान्याच्या अटींतच हे घालावे, असे माझे मत आहे.

घरी खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्या हौशी लोकांनाही हे लागू आहे. टाकी साफ करताना लक्ष मासा कुठे आहे तिकडे हवे. आणि कंटाळा आला म्हणून तो समुद्रात सोडू नये. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ 1985मध्ये तो पहिल्यांदा आढळला. तो मूळचा तिथला नव्हे. हौशी लोकांच्या टाक्यांतूनच आला असावा, असे मानले जाते. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरून तिथली लहान मासळी फस्त करतो आहे.

गरम पाण्याने ठणका थांबला तरी डॉक्टरांकडे जावेच. काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना, हे पाहायला एक्स-रे लागू शकतो आणि धनुर्वाताची लस घेतलेली आहे का, तेही तपासावे लागते. श्वास लागला, चक्कर आली तर मात्र पाणी तापायची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.