घरच्या संगणकातली जवळची वाट

मैत्रिणींनो, घरपट्टीच्या पावत्या, विम्याचे कागद, सासूबाईंच्या रक्ततपासणीचे अहवाल आता पुष्कळ घरांत संगणकावरच असतात. पण वेळेला सापडेल तो कागद! फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक. रात्री दवाखान्यात विम्याचा कागद मागितला आणि वाट ठाऊक असलेले 'हे' नेमके फिरतीवर असले, म्हणजे जिवाची किती उलघाल होते!

घरात लिनक्स किंवा मॅक असेल, तर एक युक्ती करून पाहा. त्यात टर्मिनल नावाची खिडकी असते. तिथे हुकूम टाइप करायचा. फोल्डर बदलण्याचा हुकूम 'सीडी'. दर वेळी लांबलचक पत्ता लिहिण्यापेक्षा त्याला टोपणनाव द्यावे. हे काम 'एलियस' हा हुकूम करतो.

कृती : 'एलियस' लिहून एक जागा सोडा. मग 'विमा' हे टोपणनाव इंग्रजी अक्षरांत लिहा. त्याला लागूनच बरोबरचे चिन्ह, आणि पुढे एकेरी अवतरणचिन्हांत सीडी व फोल्डरचा पूर्ण पत्ता. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा मुळीच सोडू नये. फोल्डरांची नावेही जोडूनच ठेवावीत. आता नुसते 'विमा' टाइप करून एंटर दाबले, की थेट त्या फोल्डरात! 'एलएस' लिहिले की आतल्या फायलींची यादी दिसते. 'सीडी' एवढेच लिहिले की आपण आपल्या मूळ फोल्डरात परत.

एवढे सांभाळा :

• खिडकी बंद केली की टोपणनाव पुसले जाते. कायम हवे तर तीच ओळ लिनक्सवर सहसा 'डॉट बॅशआरसी' या फायलीच्या शेवटी लिहावी. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून 'डॉट झेडएसएचआरसी' ही फाइल लागते. मग खिडकी नव्याने उघडावी.

• नाव ठेवण्याआधी 'टाइप' हा हुकूम आणि ते नाव लिहून पाहावे. 'नॉट फाउंड' आले, तर नाव मोकळे आहे.

• फोल्डर हलवले, तर ओळीतला पत्ताही बदलावा. टोपणनाव आपोआप मागोमाग जात नाही.

• ही ओळ ज्याच्या खात्यात लिहिली, त्यालाच उपयोगी. म्हणून घरचे कागद सामाईक खात्यात असावेत.

टोपणनावे चार-पाचच ठेवा आणि हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. मग येत्या रविवारी कोणाला न विचारता विम्याचा कागद स्वतः एकदा उघडून पाहा. अडचणीच्या रात्री हाताला सवय असलेली बरी!