लाकडी बदके आणि आपले घाणे

अमेरिकेतील शिकारी लाकडाची बदके कोरून पाण्यावर सोडीत. त्यांना भुलून खरी बदके खाली उतरत. १९१८ च्या कायद्याने रानबदकांची विक्री थांबली आणि त्यांतील कित्येक आमिषे अडगळीत गेली. जोएल बार्बर या वास्तुशिल्पज्ञाने ती जमविली, १९३४ साली ग्रंथ लिहिला, आणि अडगळ लोककला ठरली. एल्मर क्रॉवेल यांच्या दोन पक्ष्यांना २००७ साली प्रत्येकी दहा लाख डॉलरांहून अधिक किंमत आली.

आम्हांस नवल किमतीचे नाही, कारागिराचे नाव टिकल्याचे वाटते. कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांचे घाणे कोणत्या सुतारांनी घडविले, हे आज कोण सांगेल? घरी वडीलधाऱ्यांची एखादी लाकडी वस्तू उरली असल्यास टाकू नये. गावाचे व धन्याचे नाव लिहून तिच्यासोबत जपावे.