भोपळ्याच्या संकराचा हिशेब ताटात मांडा

तांबड्या भोपळ्याच्या संकरित वाणांचा विषय निघाला की दोन पक्ष लगेच समोरासमोर उभे राहतात. एक म्हणतो, आजीच्या परसातला वेलच बरा होता. संकराने चव गेली, कस गेला आणि बियाणेही हातचे गेले. दुसरा म्हणतो, हेक्टरी उतारा वाढवा, पोषण आपोआप होईल. पहिला पक्ष बराचसा चुकतो. दुसरा त्याहून अधिक चुकतो.

पहिल्या पक्षाचा पहिला आक्षेप शुद्धतेचा. भोपळा मुळात अमेरिका खंडातला. कोलंबसाच्या सफरींनंतर तो जगभर गेला आणि आपल्याकडे घारगे-भरितात रुजला. त्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात आणि पराग मधमाश्या वाहतात. बीजोत्पादनाच्या शेतापासून दुसऱ्या जातीचा भोपळा शेकडो मीटर दूर ठेवावा लागतो, तो याचसाठी. शेजारच्या कुंपणावर वेगळा वेल असेल, तर आजीने जपून ठेवलेल्या बियांतही संकर झालेलाच असतो. मधमाशी जे योगायोगाने करते, ते पैदासकार पारखलेल्या नर-मादी वाणांमध्ये ठरवून करतो.

दुसरा आक्षेप भीतीचा. २०१० साली बीटी वांगे रोखले गेले. त्या वादाच्या धुरळ्यात संकरित आणि जनुकपालटी हे एकच, असा समज अनेकांच्या मनात बसला. भोपळ्याचा संकर म्हणजे संध्याकाळी मादी कळी झाकायची, सकाळी निवडलेल्या नर फुलाचे पराग तिला लावायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे. बाहेरचे जनुक यात कुठून येणार?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. संकरित फळातले बी पुढच्या हंगामात पेरले तर वेल एकसारखे निघत नाहीत. आपल्या २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा हक्क दिला. पण मेंडेलच्या नियमापुढे तो हक्क लंगडा पडतो. म्हणून काय संकरच सोडायचा? संकरासोबत सरळ वाणही चालू ठेवायचे, हे त्याचे उत्तर. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का चंदन किंवा दिल्लीच्या पुसा संस्थेचा पुसा विकास हे वाण शेतकऱ्याला स्वतःचे बी धरू देतात. ज्याला बाजारासाठी एकसारखे फळ हवे त्याने संकर घ्यावा, परसबागेसाठी सरळ वाण घ्यावा.

आता दुसरा पक्ष. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे १८ टक्क्यांमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. भोपळ्याच्या केशरी गरातील बीटा-कॅरोटीनचे शरीरात अ जीवनसत्त्व होते, आणि फोडणीतले चमचाभर तेल ते अंगी लागायला मदत करते. पण गर केशरी असेल तरच. केवळ वजनावर निवड झाली, तर फळ फुगते आणि गर फिका, पाणचट राहतो. संकरजोम ही काही जादू नव्हे. जे गुण मूळ वाणांत नाहीत, ते त्यांच्या संकरात कुठून उतरतील? उताऱ्याचे क्विंटल मोजून जो पोषणाचा दावा करतो, तो पाणी मोजत असतो.

वजनाच्या हव्यासाचा आणखी एक तोटा आहे. अख्खा पिकलेला भोपळा घरात दोन-तीन महिने सहज टिकतो. भाजी महागते त्या दिवसांत गरिबाच्या घरी असा साठा असणे, हीच खरी अन्नसुरक्षा. पण दहा किलोचे फळ चार माणसांचे घर कसे संपवणार? ते बाजारात फोडी करून विकले जाते आणि चिरलेली फोड दोन-चार दिवसांत खराब होते. म्हणजे फळ मोठे करून आपण त्याचा टिकाऊपणाच घालवतो. अर्का चंदनची फळे दोन-तीन किलोंची असतात. संकरातही तोच आकार धरायला हवा.

तेव्हा पैदाशीचा क्रम असा हवा: आधी गडद केशरी, घट्ट गर, मग लहान फळ, मग रोगप्रतिकार, उतारा त्यानंतर. शेतकरी ज्याला ‘व्हायरस आला’ एवढेच म्हणतात, त्या मोझॅकने पाने आकसतात आणि फळे वेडीवाकडी होतात. त्याला टक्कर देणारे गुण पैदासकारांना मिळाले ते ‘नायजेरियन लोकल’सारख्या गावरान वाणात. पद्मश्री राहीबाई पोपेरे अकोले तालुक्यात गावरान बियाणे जपतात, ते काम म्हणूनच संकराच्या विरोधातले नाही. उद्याच्या संकराचे भांडवल अशाच बियाण्यांत आहे.

हे बियाणे करायचे कोणी? जालना-देऊळगाव राजा पट्ट्यात संकरित भाजीपाल्याचे बीजोत्पादन मोठे आहे आणि परागीकरणात सराईत हात तिथे आहेत. भोपळ्याचे फूल मोठे, आणि एका फळात शेकडो बिया. सरकारी संस्थांनी नर आणि मादी वाण महिला बचतगटांना दिले, तर हा संकर कंपनीच्या दारात न जाताही तयार होईल. पिकलेल्या भोपळ्याला गिऱ्हाईकही शोधावे लागणार नाही: शाळेच्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी द्यायचा नियमच आहे.

आणि एक मागणी. बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती छापतात, तिच्याशेजारी गरातले कॅरोटीन आणि फळाचे सरासरी वजनही छापा. ज्या वाणाला हे आकडे दाखवायची लाज वाटेल, त्याने पोषणसुरक्षेचे नाव घेऊ नये.